'थर्ड पार्टी' म्हणजे नक्की कोण?

मंडळी, ह्या वीकांताचा विषय जरा रुक्ष आहे, पण कामाचा आहे. बाइकचा अपघात झाला की आमच्या रत्नागिरीत पहिला प्रश्न असतो "लागलं किती?" आणि चार दिवसांनी दुसरा, "इन्शुरन्सचं काय मिळेल काय हो?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं. पडलेला माणूस कायद्याच्या लेखी 'थर्ड पार्टी' आहे की नाही? असं का, ते समजायला बरंच मागे जायला लागतं.

१८५५ साली इंग्रजांनी फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट आणला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस दगावला तर घरच्यांना भरपाई मागता येऊ लागली. पण चूक सिद्ध करायची तुम्ही, दावा साध्या दिवाणी कोर्टात, आणि समोरचा कफल्लक निघाला तर निकालाचा कागद घरी आणून फ्रेम करा! ह्यावर इंग्लंडने १९३० साली थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. आपल्याकडे ती तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली आणि सक्ती १ जुलै १९४६ पासून सुरू झाली. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली.

आता ह्यातली ग्यानबाची मेख बघा. पहिली पार्टी गाडीमालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी म्हणजे रस्त्यावरचा बाकी कोणीही. १९३९ साली मोटार होती मोजक्या लोकांकडे. गाडीवाला वेगळा आणि लागलेला माणूस वेगळा, हे चित्र धरूनच कायदा लिहिलेला. मग १९७२ ला बजाज चेतक आली, १९८५ ला हिरो होंडा सीडी १००, आणि गाडीवाला आणि हाडं मोडून घेणारा एकच झाला. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. आमच्या भाषेत सांगायचं तर युजर बदलला, डिझाइन तेच राहिलं. नंतर मारले ते सगळे पॅच.

पहिला पॅच 'चूक कोणाची' ह्या प्रश्नावर. मुंबईतल्या एका केसमध्ये १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की न्यायाधिकरण असलं तरी चालकाची चूक दाखवावीच लागेल. मग १९८२ साली संसदेने दुरुस्ती केली. चूक सिद्ध न करताही मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. रक्कम किरकोळ, पण तत्त्व मोठं.

१९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. त्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती आणि अपघात जिथे झाला तिथेच दावा लावायचा होता. म्हणजे लांज्याचा चाकरमानी पनवेलजवळ पडला तर त्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांनी रायगड जिल्ह्यात खेटे घालायचे. १९९४ च्या दुरुस्तीने मुदत काढली आणि राहत्या जागीही दावा लावायची मुभा दिली. माझ्या मते कोकणासाठी ही सगळ्यात मोठी सुधारणा.

जखमींचं गणितही हळूहळू सुधारलं. १९९५ च्या हट्टंगडी निकालाने खर्च आणि बुडालेली कमाई एका खात्यात, तर वेदना आणि हरवलेलं आयुष्य दुसऱ्या खात्यात, अशी मांडणी पक्की केली. २०१० च्या राजकुमार निकालाने सांगितलं, की डॉक्टरच्या सर्टिफिकेटवरचे टक्के म्हणजे कमाईतली घट नव्हे. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून ह्यांचं नुकसान सारखं नसतं. वयाप्रमाणे गुणक आहेत (२००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता). माझ्या वयाला, २६ ते ३० ला, १७ येतो. वाचताना जरा चमत्कारिकच वाटतं!

पण मूळ भोक तसंच आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे डबलसीट बसलेल्याला विमा कंपनी बांधील नाही. २००९ च्या केसमध्ये एक जण मित्राची म्हणावी तशी, मागून आणलेली हिरो होंडा घेऊन इलकलहून (आपलं साडीवालं इरकल) गावी निघाला होता. पुढची बैलगाडी अचानक थांबली आणि तो गेला. कोर्ट म्हणालं, गाडी मागून घेतलीस म्हणजे तू मालकाच्या जागी आलास, थर्ड पार्टी नाहीस. चूक न दाखवता मिळणारी भरपाई घरच्यांना नाकारली गेली.

म्हणजे हातखंब्याच्या तिठ्यावर ट्रकने उडवलं तर तुम्ही थर्ड पार्टी. त्याच तिठ्यावर मासळीच्या गाडीतून गळलेल्या पाण्यावर एकटेच घसरलात तर कोणीच नाही. तिथे फक्त मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा कामाला येतो. २०१८ पासून तो १५ लाखांचा आहे, पण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. साध्या फ्रॅक्चरला शून्य.

अलीकडची गंमत म्हणजे १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत परत आली! (त्याच दिवसापासून चूक न दाखवता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला २.५ लाख, ही चांगली बाजू.) सहा महिने म्हणजे पायातली सळई निघायच्या आधीच मुदत संपली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या अटीविरुद्धच्या प्रकरणात अंतरिम आदेश दिला, की तूर्त मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नका. तरी अंतरिम तो अंतरिमच. त्यावर विसंबून राहू नये.

एकट्याने घसरणाऱ्यासाठी मात्र एक फट उघडली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते २.५ लाख, आणि ते रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेने द्यायचे. १८५५ पासून भरपाईचा हिशोब दोन माणसांत चालत आला. इथे रस्त्याला ठळकपणे पार्टी केलं गेलंय.

असो. पॉलिसीचा कागद आज काढून बघा. मागे बसणारा त्यात आहे का, वैयक्तिक अपघाताचा हप्ता भरलाय का, एवढं वाचा. आणि कोणी पडलंच तर पोलिसांत नोंद आणि हॉस्पिटलची सगळी बिलं पहिल्याच आठवड्यात एका फाइलला लावा. कोर्टात शेवटी तीच बोलतात.