'पॅरानॉर्मल' म्हणजे भुताटकी नव्हे

वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्याशी संलग्न असलेले आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय नावाप्रमाणेच खेड्यापाड्यांतील रुग्णांचे आहे. मात्र खेड्यातील घरात कुणाला वारंवार झटके येऊ लागले किंवा एखादी सून एकाएकी निराळ्याच आवाजात बोलू लागली, तर रुग्णालयाची वाट धरण्याआधी अनेकदा वेगळाच प्रश्न निघतो : हे 'बाहेरचे' तर नाही ना? शहरातील तरुण याच शंकेला आता 'पॅरानॉर्मल' म्हणतात. २००९ मध्ये जगभर गाजलेल्या 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' या चित्रपटानंतर तर हा शब्द भुताटकीचाच पर्याय होऊन बसला. मूळ अर्थ तसा नाही.

'पॅरा' हा ग्रीक उपसर्ग असून त्याचा अर्थ बाजूला, पलीकडे असा होतो. 'नॉर्मल' हा शब्द लॅटिन 'नॉर्मा'वरून आला. नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे पाहण्याचे साधन. तेव्हा जे गुण्यात बसत नाही ते पॅरानॉर्मल. 'सुपरनॅचरल' अर्थात अलौकिक हा शब्द घटनेमागे निसर्गाहून वरचढ अशी शक्ती गृहीत धरतो. पॅरानॉर्मल तसे काही गृहीत धरत नाही. आजच्या मापात ही गोष्ट बसत नाही, एवढीच नोंद तो करतो. गुण्या चुकला की लाकूड वाकडे, हे ठरवायचे बाकीच असते.

शब्द फारसा जुना नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तो इंग्रजीत आढळतो. त्याची पूर्वतयारी मात्र आधीच झाली होती. मृतात्म्यांशी संवादाच्या बैठकांना युरोपात ऊत आला असताना, अशा दाव्यांच्या तपासासाठी १८८२ मध्ये लंडनमध्ये 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' ही संस्था स्थापन झाली. तिचे एक संस्थापक फ्रेडरिक मायर्स यांनी त्याच वर्षी 'टेलिपथी' हा शब्द घडविला. १८८९ मध्ये जर्मनीच्या माक्स डेसॉर यांनी 'पॅरासायकॉलॉजी' ही संज्ञा सुचविली. मराठीत तिला परामानसशास्त्र म्हणतात. पुढे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी पाच चिन्हांच्या २५ पत्त्यांवर प्रयोग केले. निव्वळ अंदाजाने सरासरी पाच पत्ते बरोबर येतात. काहींचे त्याहून बरेच अधिक आल्याचा त्यांचा दावा होता. इतरांनी कडक अटींखाली केलेल्या प्रयोगांत तो टिकला नाही.

या संशोधनाच्या जगात विदर्भाचेही एक प्रकरण गाजले. १९७४ च्या सुमारास नागपुरातील एक मराठी भाषक महिला अधूनमधून स्वतःला 'शारदा' म्हणवू लागली. त्या काळात ती बंगाली बोले आणि एकोणिसाव्या शतकातील बंगालमधील जीवनाच्या आठवणी सांगे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन, तसेच सतवंत पसरिचा आणि व्ही. व्ही. अकोलकर यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांना तो पुनर्जन्माकडे बोट दाखविणारा पुरावा वाटला. भाषाशास्त्रज्ञ सारा थॉमसन यांच्यासारख्या टीकाकारांना तो पटला नाही. त्या महिलेचा बंगाली लिपीशी पूर्वी थोडा परिचय झाला होता, हा मुद्दाही चर्चेत आलाच. मतभेद राहिले, पण त्या महिलेच्या अंगातील 'शारदा' उतरविण्यासाठी कुणी अभ्यासक छडी घेऊन बसला नाही. 'पॅरानॉर्मल'चा काटेकोर अर्थ येथे दिसतो.

काही नोंदी लवकर मिटतात. २ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकताना दिसले आणि तर्कांना उधाण आले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे भले मोठे कडे सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे अभ्यासकांनी सांगितले.

आकाशातील गोळ्याचे एक बरे असते, त्याला कुणी बांधून ठेवत नाही. माणसाचे तसे नाही. झटके हे अपस्माराचे लक्षण असू शकते आणि त्यावर औषधे आहेत. आवाज व ओळख बदलण्याच्या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात 'ट्रान्स अँड पझेशन डिसऑर्डर' असे नाव आहे. धार्मिक उत्सवात, समाजमान्य रीतीने अंगात येणे त्यातून वगळलेले आहे, हे विशेष. घरात आपोआप दगड पडणे, कपडे पेटणे यांस आपल्याकडे भानामती म्हणतात, तर जर्मनांनी त्यासाठी 'पोल्टरगाइस्ट' म्हणजे गोंगाट करणारे भूत असा शब्द केला. अशा घटनांच्या बातम्या देताना आम्ही वृत्तपत्रवालेही 'भानामती'भोवतीचे अवतरण चिन्ह कित्येकदा विसरतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने विधेयक संमत केले. भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हाच. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत असून गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात करता येते.