न वाजणाऱ्या वाद्यांचा इतिहास

संगीताच्या संदर्भात माणसांचे दोनच वर्ग सामान्यतः कल्पिले जातात : वाजविणारे आणि ऐकणारे. पहिल्या वर्गात प्रवेश मिळण्यासाठी वर्षानुवर्षांची साधना लागते. दुसऱ्यासाठी कान पुरेसे होतात. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, फार मोठा आणि बराचसा उपेक्षित वर्ग आहे. गाणे ऐकताना ज्याची बोटे मेजावर ठेका धरतात, ज्याचा पाय नकळत समेवर पडतो, पण वाद्य हाती घेऊन बसण्याचा योग ज्याला आयुष्यात आला नाही, असा हा वर्ग होय. कचेरीतील फायलींत बारा वर्षे घालविलेल्या प्रस्तुत लेखकाची गणनाही याच वर्गात करावी लागेल. या वर्गासाठी गेल्या सव्वाशे वर्षांत दोन वेळा वाद्ये निर्माण झाली. दोन्ही वेळा ती घरोघर पोहोचली, दोन्ही वेळा त्यांचा उपहास झाला आणि दोन्ही वेळा ती लाट ओसरली.

पहिले वाद्य म्हणजे पियानोला. १८९५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे एडविन व्होटी याने एक पेटी तयार केली. ती साध्या पियानोपुढे सरकवून ठेवली, की तिची लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्यांवर पडत. कोणती पट्टी केव्हा दाबावयाची हे कागदाच्या गुंडाळीवरील छिद्रांनी ठरे. समोर बसलेल्या माणसाने पायाने भाता चालवावयाचा आणि दांड्यांनी लय व आवाज कमीजास्त करावयाचा. पुढे काही गुंडाळ्यांवर तांबडी नागमोडी रेषाही छापण्यात येऊ लागली. सरकत्या कागदावरील त्या रेषेवरून काटा फिरवीत गेले, की लय नामांकित वादकाच्या पसंतीची साधे. सूर यंत्राचे, पण काल माणसाचा, अशी ही वाटणी होती.

प्रसिद्ध संगीतकार जॉन फिलिप सूझा याने १९०६ मध्ये यांत्रिक संगीताविरुद्ध कडक लेख लिहिला. यंत्र वाजवू लागले तर मुले वाद्य शिकणारच नाहीत, हे त्याच्या भीतीचे सार होते. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गुंडाळी ही संगीताची ‘प्रत’ नव्हे असा निर्णय दिला आणि रचनाकारांचे मानधन बुडाले. पुढच्याच वर्षी कायदा बदलून दर प्रतीमागे दोन सेंट देणे बंधनकारक करण्यात आले. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक अशा स्वयंवादनाच्या सोयीचे होते. नंतर रेडिओ आला, ग्रामोफोन सुधारला, १९२९ ची मंदी कोसळली, आणि ही वाद्ये अडगळीत गेली.

दुसरा अवतार जपानात झाला. १९९७ च्या डिसेंबरात कोनामी या कंपनीने ‘बीटमॅनिया’ हा खेळ खेळघरांत मांडला. पाच कळा आणि फिरविण्याची एक तबकडी एवढेच त्याचे साहित्य. १९९९ मध्ये ‘गिटारफ्रीक्स’ आला. त्यात गिटारच्या आकाराचे साधन खेळाडूच्या गळ्यात आले. २००१ साली नामको कंपनीने ‘ताइको नो तात्सुजिन’ काढला. यात खराखुरा दिसणारा ढोल समोर असतो. तांबड्या खुणेला मध्यावर थाप आणि निळ्या खुणेला कडेवर. या दोन आघातांना तेथे ‘दोन’ आणि ‘का’ म्हणतात. तबल्याचे बोल कानावर असलेल्या आपल्या वाचकांस ही व्यवस्था परकी वाटू नये.

अमेरिकेत हे लोण पोहोचविण्याचे श्रेय हार्मोनिक्स या संस्थेकडे जाते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेल्या ॲलेक्स रिगोप्युलस व एरन एगोझी यांनी ती १९९५ मध्ये स्थापन केली. त्यांचा आरंभीचा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९९८ च्या ‘द ॲक्स’ मध्ये ज्याला काहीही येत नाही त्यालाही एका दांडीच्या साहाय्याने हवे तसे सूर काढता येत, आणि ते बेसूर होत नसत. एवढे स्वातंत्र्य देऊनही तो प्रयोग बाजारात चालला नाही. पुढे २००५ च्या नोव्हेंबरात रेडऑक्टेन कंपनीच्या सहकार्याने ‘गिटार हीरो’ निघाला. त्यात स्वातंत्र्य जवळजवळ नव्हतेच, आणि तो मात्र तुफान चालला!

त्याची रचना साधी होती. गिटारच्या मानेवर तारांऐवजी पाच रंगीत कळा, आणि छेडण्याच्या जागी वर-खाली हलणारी एक पट्टी. समोरच्या पडद्यावर रस्त्यासारखा पट सरकत येतो व त्यावरून रंगीत चकत्या येतात. चकती रेषेवर पोहोचताच त्या रंगाची कळ धरून पट्टी छेडावयाची. पियानोलाच्या सरकत्या कागदाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. चुकल्यास बाकीचे गाणे चालूच राहते. केवळ गिटारचा आवाज तेवढ्यापुरता थांबतो.

या खेळाच्या मोहिनीचे मर्म, माझ्या मते, या थांबण्यात आहे. खेळाडू सूर निर्माण करीत नाही हे खरे. परंतु तो चुकला तर सूर नाहीसा होतो. आजवर गाणे आपल्यावाचून पूर्ण होत होते, आता ते आपल्यावर अवलंबून आहे, ही जाणीव श्रोत्याला आयुष्यात प्रथमच होते. आरतीच्या वेळी झांज हाती आलेल्या मुलाची मनःस्थिती याहून फार निराळी नसते. त्याला कोणी संगीतज्ञ समजत नाही, तोही स्वतःला समजत नाही. पण ताल चुकू नये याची जबाबदारी त्याला अंगभर जाणवत असते.

२००७ मध्ये निघालेल्या ‘रॉक बँड’ने गिटारला ड्रम व मायक्रोफोन जोडून चौघांना एकत्र आणले. त्याच वर्षीच्या तिसऱ्या ‘गिटार हीरो’ची विक्री एक अब्ज डॉलरांच्या पुढे गेल्याचे कंपनीने २००९ च्या आरंभी जाहीर केले. जुने वादही परत आले. २००८ च्या ऑगस्टमध्ये वॉर्नर म्युझिकच्या प्रमुखांनी, खेळवाले गाण्यांचा मोबदला फारच थोडा देतात, अशी तक्रार केली. गुंडाळीच्या खटल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. आणि सूझाचा आक्षेपही नव्या मुखांतून ऐकू येऊ लागला : एवढे श्रम खोट्या गिटारीवर करण्यापेक्षा खरी का शिकत नाही?

या आक्षेपाचे उत्तर २०१० मध्ये अनायासे मिळाले. ‘रॉक बँड ३’ साठी खऱ्या गिटारची बोटे शिकविणारे १०२ कळांचे साधन तयार करण्यात आले. वाद्य खऱ्याच्या जवळ गेले, तशी लोकप्रियताही वाढावयास हवी होती. परंतु ग्राहकांचा प्रतिसाद थंड राहिला. १९९८ चे स्वातंत्र्य लोकांना नको होते, तशी २०१० ची साधनाही नको होती. त्यांना हवा होता तो सहभाग, आणि सहभाग ही वादनाची कच्ची प्रत नसून स्वतंत्र सुख आहे. ज्यांना खरोखर शिकावयाचे होते त्यांच्यासाठी खरी गिटार जोडून चालणारा ‘रॉकस्मिथ’ २०११ मध्ये आलाच. पण ती शिकवणी होय, ही मैफल.

तथापि लाट ओसरली. मंदीच्या दिवसांत, एकट्या २००९ साली या जातीचे इतके खेळ बाजारात लोटले गेले, की घरांत प्लॅस्टिकच्या वाद्यांना जागा उरली नाही. २०१० च्या डिसेंबरात व्हायकॉमने हार्मोनिक्स विकून टाकली; २०११ च्या फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजनने ‘गिटार हीरो’चा विभाग बंद केला. २०१५ मध्ये दोन्ही खेळांचे पुनरुज्जीवन झाले, पण पूर्वीचा बहर आला नाही. जपानी ढोल मात्र वाजत राहिला, आणि ‘क्लोन हीरो’ या चाहत्यांनी रचलेल्या विनामूल्य खेळामुळे माळ्यावरची कित्येक जुनी साधने पुन्हा खाली उतरली.

पियानोला मागे पडला म्हणून पियानो बंद पडला नाही, आणि सूझाची भीतीही खरी ठरली नाही. मुले आजही वाद्ये शिकतात. शिकत नाहीत त्यांची संख्या पूर्वीही मोठीच होती. या दोन यंत्रांनी त्या न शिकलेल्यांकडे पाहिले, हे त्यांचे ऋण इतिहासाने मान्य करावयास हवे. वादकांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मेजावर ठेका धरणाऱ्या बोटांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचे साधन अडगळीच्या खोलीत, तारा नसलेल्या त्या गिटारीपाशी शोधावे लागेल.