सीतेची वेणी म्हणजे बांडगूळ नव्हे

वैशाखाच्या शेवटी आंबोली, राधानगरीकडं वाटाड्यासोबत रान फिरताना मान वर ठेवावी. आंबा-जांभळाच्या फांदीवरून पांढऱ्या फुलांचे, जांभळट ठिपक्यांचे लांब तुरे लोंबतात. ही सीतेची वेणी, म्हणजे आमरी (ऑर्किड). बांडगूळ समजून कैकजण तिच्यावर कोयता चालवतात. आसामात हेच राज्यफूल, बिहूला बायका केसात माळतात!

बांडगुळाची मुळं लाकडात घुसून रस ओढतात. आमरीची जाड, पांढुरकी मुळं सालीवरच राहतात, पावसाचं पाणी धरतात. झाडाचं काही खात नाही. बी धुळीगत बारीक, ठरावीक बुरशी मिळाली तरच रुजतं. म्हणून जुनं झाड गेलं की ती लवकर परत येत नाही. शेतातली फांदी मोडून पडलीच, तर आमरी शेजारच्या झाडाला काथ्यानं बांधावी; पावसाळ्यात बऱ्याचदा धरते.