हाताची विद्या आणि कोंकणांतील शाळा

रत्नागिरीकडच्या एखाद्या आजीला आपण सांगितलें कीं, मुलांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठीं शाळा काढावी लागते, तर तिला हसूं येईल. नारळाचीं सोडणें कुजत घालून काथ्या काढणें, त्याचें सुंभ वळणें, झावळ्या विणणें, मासे धरण्याचें जाळें सांधणें, हीं कामें तिच्या वेळचीं मुलें घरांत पाहतां पाहतां शिकत. दूर पॅसिफिक महासागरांतील सामोआसारख्या बेटांवरही हीच रीत होती. काथ्याच्या दोरीनेंच तेथील घरें व होड्या बांधल्या जात. मग असल्या विद्येला शाळा कशाला? हा प्रश्न आमच्याकडे पुष्कळ काळ विचारला गेला, आणि तो केवळ अज्ञानाचा नव्हता.

कोंकणांत कातळ फार आणि पिकाऊ जमीन थोडी. पोटासाठीं मुंबईची वाट धरावी, गिरणींत किंवा गोदींत राबावें आणि घरीं मनिऑर्डर पाठवावी, हा अनेक घरांचा क्रम होऊन बसला. अशा घरांतील बापाला शाळेकडून पत्र, हिशेब आणि जमल्यास कारकुनी हवी होती. ज्यांच्या हातीं जातीनेंच धंदा बांधून दिला होता, त्यांची शंका तर अधिक खोल होती. चर्मकाराच्या मुलानें शाळेंतही चामडेंच कापावयाचें असेल, तर ती शाळा कीं जुनीच बेडी?

ह्या शंकेला एक उत्तर महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें सादर केलेल्या निवेदनांत सांपडतें. खेड्यांतील शिक्षण व्यवहारोपयोगी असावें, शेतीच्या पाठांसाठीं शाळेला लहानसें नमुन्याचें शेत जोडावें, असें त्यांनीं सुचविलें. परंतु त्याच अभ्यासक्रमांत मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास व भूगोल हेही होते. नांगर हा अक्षरांच्या जागीं नव्हता. त्यांच्या जोडीला होता.

पुढें ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. मातृभाषेंतून सात वर्षांचें सक्तीचें शिक्षण आणि त्याच्या केंद्रस्थानीं एक मूलोद्योग, अशी योजना झाकिर हुसेन समितीनें आंखली. त्याच वर्षीं रत्नागिरींत जन्मलेले बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान झाले, आणि प्रांतांतील निवडक शाळांतून मूलोद्योगाचा प्रयोग सुरू झाला. मुलांच्या कामांतून शिक्षकाचें वेतन निघावें, ही गांधीजींची अपेक्षा होती. शाळेचा कारखाना होईल, असें टीकाकार म्हणत. उत्पन्नाच्या बाजूवर अवास्तव भर पडण्याचा धोका खुद्द समितीनेंही दाखविला होता. १९३९ सालीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि प्रयोगाचा आधार ढिला झाला.

आमच्या मतें खरें उत्तर रत्नागिरी जिल्ह्यांतच एका माणसानें आपल्या हातांनीं दिलें. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन हे तत्त्वज्ञानाचे एम.ए. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं भंगीकाम मागितलें. उच्चवर्णीय म्हणून तें नाकारलें गेलें, तेव्हां त्यांनीं अन्न कमी केलें. गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत त्यांच्या पाठिंब्यासाठीं उपवास आरंभिला. पुढें १९४८ सालीं आप्पासाहेबांनीं कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला. तें गांव तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत होतें, १९८१ पासून सिंधुदुर्गांत आहे. मेलेल्या जनावराचें कातडें कमावणें आणि मैल्याचें खत करणें, हीं कामें त्यांनीं शास्त्र म्हणून हातीं घेतलीं. जें काम जातीच्या कपाळीं लिहिलेलें होतें, तें पदवीधरानें स्वेच्छेनें शिकतांच त्याची बेडी सैल झाली.

कोठारी आयोगानें १९६४-६६ मध्यें पुन्हां कार्यानुभवाचा पुरस्कार केला, आणि ‘कार्यानुभव’ हा शब्द आमच्या शाळांत रूढ झाला. परंतु आम्हां सुशिक्षितांची खोड जुनीच आहे. हस्तव्यवसायाचे गोडवे आम्हीं गातों ते दुसऱ्यांच्या मुलांसाठीं. आमच्या मुलाचा हात मात्र लेखणीसाठीं राखून ठेवतों. हाताची विद्या खेड्यांतील शाळेंत रुजली नाहीं ह्याचा दोष खेडवळ बापावर टाकणें सोपें आहे. त्यानें शाळेकडून मागितलें तें आपल्याच घराकडे पाहून मागितलें, हें आपण विसरूं नये.