भांड्यांतील शिसें आणि पाण्यांतील औषध

नाशिकरोडला दारणेचें पाणी चेहेडीहून मिळत आलें आहे. नदीचें पाणी नळांत जाण्यापूर्वीं त्यांत तुरटी किंवा तिच्याच जातीचा दुसरा क्षार घालून गाळ खालीं बसवितात, तें वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटीं त्यांत क्लोरीन सोडतात. क्लोरीन पोलादी टाक्यांत भरून येतो तेव्हां त्यावर विषारी म्हणून कवटीचें चिन्ह असतें. टाकी गळूं लागली तर माणसांना जीव घेऊन पळावें लागतें. आणि त्याच क्लोरीनचें पाणी घरोघर तान्ह्या मुलाच्या वाटींत पडतें! हें कसें चालतें, अशी शंका एखाद्या सुशिक्षित गृहिणीला आली तर त्यांत नवल नाहीं. शंका शंभर वर्षांहून जुनी आहे. मात्र तिचा इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. पाण्यांत जें उघडपणें घातलें गेलें त्याची लोकांना धास्ती वाटली. जो धातु मुकाट्यानें घरांत येऊन बसला होता त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पटकीनें गांवेंच्या गांवें ओस पडत. आग्र्याचे सरकारी रसायनपरीक्षक व जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनीं त्या काळीं विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. चिमूटभर पुडीनें हंडाभर पाणी गुलाबी होतें, मग विहिरीचें पाणी लाल-जांभळें दिसावें यांत आश्चर्य तें कोणतें? रंग कांहीं काळानें ओसरे, पण तोंवर सरकार विहिरींत विष कालवितें ही कुजबूज पसरलेली असे. प्लेगच्या दिवसांत तर असल्या अफवांना ऊत आला होता. अडाणी म्हणून या लोकांना हंसणें सोपें आहे. परंतु ज्या सरकारचे शिपाई रोगी शोधण्यासाठीं घरांत शिरत, त्याच सरकारनें विहिरींत टाकलेल्या पुडीवर विश्वास तरी कोणी ठेवावा?

क्लोरीनची कथा याहून विलक्षण आहे. १८९७ सालीं इंग्लंडांतील मेडस्टन येथें विषमज्वराची सांथ आली असतां नळ शुद्ध करण्यास ब्लीचिंग पावडर वापरली गेली. १९०८ सालीं अमेरिकेंत जर्सी सिटीच्या पाण्यांत असें द्रव्य नित्य घालण्यास प्रारंभ झाला. पुढें सातच वर्षांनीं, २२ एप्रिल १९१५ रोजीं, ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनीं हाच वायु शत्रूच्या खंदकांवर सोडला. एका हातानें सांथी थोपविणारा आणि दुसऱ्या हातानें सैनिकांचीं फुफ्फुसें जाळणारा असा हा पदार्थ आहे. भेद काय तो मात्रेचा व वाटेचा.

आतां नाशिकच्या तांबट आळीकडे वळूं. येथील तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा इतका नांवाजलेला कीं १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरनेंही त्याची दखल घेतली. पितळेच्या पातेल्यांत ताक राहिलें तर तें कळकतें, हें आपल्या आजीबाईंना कोणत्याही फलकावांचून ठाऊक होतें. म्हणून दारीं कल्हईवाला येई. भाता चालवून भांडें तापवी, नवसागराची पूड टाकी, कथलाचा कांडा फिरवी आणि कापसाच्या बोळ्यानें आंतून चांदीसारखी झिलई उठवी. आंबट पदार्थ व तांबें यांमध्यें हा कथलाचा पडदा असे. व्यवस्था उत्तम होती. तींत फट एवढीच कीं कथील महाग आणि शिसें स्वस्त. दोन्ही मऊ, दोन्ही सहज वितळणारे, आणि शिसें मिसळलेली कल्हईही तशीच चमके. तांब्याचा दोष जीभ पकडते, कारण तें कडवट लागतें. शिशाचा दोष तिला कळत नाहीं. उलट आंबटांत विरघळून शिशाचा जो क्षार होतो तो गोड लागतो. युरोपांत त्याला शिशाची साखरच म्हणत. पिढ्यान् पिढ्या ज्या जिभेनें घराचें रक्षण केलें, तीच येथें फितूर झाली. १९५५ च्या अन्नभेसळ नियमांत योग्य कल्हई नसलेलीं तांब्यापितळेचीं भांडीं अन्न शिजविण्यास अपात्र ठरविलीं गेलीं; घरगुती चुलीपुढें तपासनीस कधींच उभा नव्हता.

कारखान्यांतील इशारेही असेच उशिरा आले. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यानें कारागिरांच्या रोगांवर १७०० सालींच ग्रंथ लिहून शिशाचा संबंध येणाऱ्या कुंभारांची दशा वर्णिली होती. तरी इंग्लंडांत शिशाच्या विषबाधेची वर्दी देण्याची सक्ती व्हावयास १८९५ साल उजाडावें लागलें. १८९८ सालीं कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक म्हणून नेमलेले टॉमस लेग यांनीं पुढें आयुष्य याच कामीं वेंचलें. घरांच्या अंतर्भागांत सफेत्याचा रंग वापरूं नये असा करार १९२१ सालीं जिनीव्हा येथें झाला. स्वतःच्या सरकारनें तो मानला नाहीं म्हणून १९२६ सालीं लेग यांनीं नोकरीचा राजीनामा दिला. असे अधिकारी विरळा. हिंदुस्थानांत १९२२ च्या दुरुस्तीनें शिशाच्या कांहीं कामांवर स्त्रिया व मुलें लावण्यास बंदी झाली, आणि १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यांत शिशाची बाधा धंद्याचा रोग म्हणून नोंदली गेली. नाशिकरोडला तिकिटांचा सरकारी छापखाना उभा राहिला तो याच सुमारास, १९२५ सालीं. नोटातिकिटें छापण्याची रीत निराळी. पण गांवोगांवच्या साध्या छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यांचे हात दिवसभर शिसें, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूंतच असत, आणि त्याच हातांनीं भाकरी मोडली जाई.

आजचे आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. १९८७ सालीं फॅक्टरी कायद्यास जोडलेल्या परिशिष्टांत हवेंतील शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम दिली आहे. आठ तासांच्या पाळींत माणूस सुमारें १० घनमीटर हवा आंत घेतो असें धरतात, म्हणजे १.५ मिलिग्रॅम झालें. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या लिटरभर पाण्यांत शिसें ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावें. तीन लिटरांत ०.०३ झालें. कायदा न मोडतां कामगाराच्या छातींत जाणारें शिसें पाण्यावाटे जाणाऱ्याच्या पन्नासपट होऊं शकतें! कामगार हा धडधाकट प्रौढ आणि नळाचें पाणी मात्र पाळण्यांतल्या मुलासाठींही, म्हणून दोन मापें निराळीं, असें समर्थन केलें जातें. तें अर्धेंच पटतें.

तुरटीचें अॅल्युमिनियम गाळाबरोबर बहुतेक खालीं बसतें; पाण्यांत लिटरला ०.०३ मिलिग्रॅमहून जास्त राहूं नये, दुसरा स्रोतच नसेल तर ०.२ पर्यंत चालावें, असा दंडक आहे. क्लोरीन मात्र किमान ०.२ मिलिग्रॅम उरलाच पाहिजे, नाहींतर नळांत शिरलेला मैला मारणार कोण? या द्रव्यांचें माप कोणीतरी रोज घेतें, चुकलें तर जाब विचारतां येतो. शिसें पाण्यांत कोणी घालीत नाहीं. तें नळाच्या सांध्यांतून, तोटीच्या पितळेंतून, प्लॅस्टिकच्या नळ्यांतील मिश्रणांतून आपसूक उतरतें. मुलांच्या बाबतींत तर शिशाची कोणतीही निर्धोक मात्रा ठाऊक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. देशांतील पेट्रोलमधून तें २००० सालीं गेलें, घरगुती रंगांवर २०१७ पासून कडक मर्यादा आली, आणि पीव्हीसी नळ्यांतून तें काढण्याचे नियम २०२१ सालीं निघाले.

स्टेनलेस पोलादानें कल्हईवाल्याची हाक जवळजवळ बंद पाडली. अलीकडे मात्र रात्रीं तांब्याच्या भांड्यांत पाणी भरून सकाळीं पिण्याची चाल सुशिक्षित घरांत पुन्हां आली आहे. साध्या पाण्यापुरती ती चालावी. लिंबाचें सरबत, ताक किंवा कैरीचें पन्हें त्यांत ठेवूं नये. आणि जुन्या पितळी भांड्यास कल्हई करून घ्यावयाची तर कथील समक्ष पाहून, दोन पैसे अधिक मोजून घ्यावें.