सुजलेल्या पायांचा इतिहास

श्रीगोंद्याच्या बाजारात ‘अमक्याचे हार्ट फेल झाले’ असे कुणी म्हटले, की ऐकणारा एवढेच विचारतो, ‘माती किती वाजता?’ आमच्याकडे या दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ मरण असाच झाला आहे. त्यामुळे समोर बसलेल्या, बोलत्याचालत्या माणसाला डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ सांगतात, तेव्हा घरची मंडळी हबकतात आणि निम्मी आशा तिथेच सोडतात. वास्तविक हृदय बंद पडलेले नसते. विहिरीवरचा जुना पंप चालू असूनही पुरेसे पाणी फेकीत नाही, तसे ते थकलेले असते. मागे रक्त तुंबते, फुप्फुसांत पाणी झिरपते, पाय भरतात.

ही लक्षणे काही नवी नाहीत. माधवनिदानात श्वास, हृद्रोग, उदर आणि शोथ यांचे अध्याय निरनिराळे आहेत. युरोपातही अंगात पाणी होणे हा स्वतंत्र रोगच मानीत. धाप आणि सूज यांच्या मुळाशी पुष्कळदा एकच थकलेले हृदय असते, हे जुळायला शतके जावी लागली.

ज्यांच्या घराण्याचे वाडे आमच्या गावात आहेत, ते महादजी शिंदे दिल्लीचा कारभार हाती घेत होते, त्याच सुमारास, १७८५ साली, विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाच्या पानांवर ग्रंथ छापला. सूज उतरवणारा हा पाला त्याला एका म्हातारीच्या गावठी काढ्यात सापडला होता. काढ्यात वीसएक वनस्पती होत्या; गुण कोणत्या एकीत आहे, हे त्याने ओळखले. गुण देणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडे, हेही त्याने बजावून लिहिले. आपल्या अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीत याच जातीचे विष आहे. मुली तिच्या बिट्ट्यांनी खेळतात तेवढे ठीक. कुणी काढा सुचवला तर मात्र हात जोडावेत.

पुढे १९१९ मध्ये व्हिएन्नात एका वैद्यकीय विद्यार्थ्याने उपदंशाच्या रोगी मुलीला पाऱ्याचे इंजेक्शन दिले. परिचारिकेने लघवीचे माप टिपून ठेवले होते म्हणून एरवी निसटले असते ते दिसले: इंजेक्शनाच्या दिवशी लघवी कितीतरी पटींनी वाढत होती. मग हृदयाच्या दुखण्याने फुगलेल्या रुग्णांवर तेच चालले. साठीच्या दशकात फ्युरोसेमाइडची गोळी आली आणि पाऱ्याची गरज उरली नाही. एका कारकुनी तक्त्यातून हे निघाले, याचे मला शाळामास्तर म्हणून फार कौतुक वाटते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तर निकामी हृदयच बदलले. केपटाउनच्या बर्नार्डनंतर जेमतेम अडीच महिन्यांत! रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी केलेला दुसरा प्रयत्नही फसला. अंग नवे हृदय नाकारते, त्यावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते आणि मेंदूचा मृत्यू मानणारा कायदाही नव्हता. तो १९९४ साली झाला, आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना यश आले. सेनांच्या धाडसाला अपयश म्हणणे मला जड जाते.

पण असे हृदय किती जणांना मिळणार? बाकीच्यांचे आयुष्य रोजच्या गोळ्यांवर आणि घरातल्या डोळ्यांवर चालते. जुना रक्तदाब, येऊन गेलेला झटका, लहानपणच्या सांधेतापाने बिघडलेल्या झडपा, अशी कारणे असतात. चढावर दम लागतो. पुढे आडवे झाले तरी लागतो. सूज उतरली म्हणून गोळ्या सोडणारे आणि गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक आणणारे पुन्हा फुगून दवाखान्यात येतात, कारण त्या गोळ्या अंगात मीठपाणी धरून ठेवतात. पापड-लोणच्याचेही तेच.

आमच्या एका निवृत्त गुरुजींच्या उशाला एकाच्या तीन उशा झाल्या, तेव्हा घरचे म्हणाले, वय झाले. सुनेने उशा मोजल्या, घोट्यावर बोट दाबून उमटलेला खड्डा पाहिला आणि त्यांना दौंडला नेले. आमच्या तालुक्यात उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन होते, माणसाचे होत नाही. गुरुजी मात्र आता रोज सकाळी चहाच्या आधी काट्यावर उभे राहतात आणि आकडा कॅलेंडरावर लिहितात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर सून डॉक्टरांना फोन लावते.