सान हुआन परांगारिकुतिरो : एका गावाचे स्थलांतर

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात 20 फेब्रुवारी 1943 रोजी दिओनिसिओ पुलिदो या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमिनीला भेग पडली, आणि तिच्यातून बाहेर फेकल्या गेलेल्या राखेचा व दगडांचा ढीग वर्षभरात 300 मीटरहून उंच गेला. परिकुतिन या नावाने प्रसिद्ध असलेल्या या ज्वालामुखीचा जन्म शास्त्रज्ञांना जवळून अभ्यासता आल्याने भूशास्त्राच्या ग्रंथांत त्याला मानाचे स्थान मिळाले. त्याच ग्रंथांत त्याने उठवलेली गावे मात्र बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जातात.

ज्या खेड्यावरून ज्वालामुखीला नाव मिळाले, ते परिकुतिन सर्वांत जवळ असल्यामुळे 1943 मध्येच रिकामे करण्यात आले आणि तेथील रहिवाशांना उरुआपान शहराजवळ काल्त्सोन्त्सिन येथे वसवण्यात आले. सान हुआन परांगारिकुतिरोची गोष्ट वेगळी होती. पुरेपेचा या मूलनिवासी समाजाचे हे गाव परिसराच्या कारभाराचे ठाणे होते. पलंगपोस विणण्याच्या धंद्यामुळे ते ‘सान हुआन दे लास कोल्चास’, म्हणजे पलंगपोसांचे सान हुआन, असेही ओळखले जाई, आणि तेथील ‘चमत्कारांच्या प्रभू’च्या, म्हणजे क्रुसावरील ख्रिस्ताच्या, मूर्तीपुढे नाचून नवस फेडण्यासाठी दूरदूरचे यात्रेकरू येत. लाव्हा, म्हणजे भूगर्भातून वर आलेला वितळलेला खडक, येथे वरून थिजत आणि ढेकळांसारखा फुटत सावकाश सरकत असल्याने गावकऱ्यांना वर्षाहून अधिक अवधी मिळाला. लाव्ह्याखाली सापडून कोणीही मेले नाही. मृत्यू झाले ते तिघांचे, आणि तेही राखेच्या लोटात कडाडलेल्या विजेने. तथापि अवधी मिळाला म्हणून निर्णय सोपा झाला असे नाही, कारण ज्या गावात देव आहे ते सोडायचे कसे, हा प्रश्न राखेने शेते बुडाल्यानंतरही सुटत नव्हता.

मे 1944 मध्ये लाव्हा वेशीशी आला तेव्हा हा प्रश्न देवानेच सोडवला असे म्हणावे लागते. मूर्ती वेदीवरून उतरवून मिरवणुकीने निघाली, गाव तिच्यामागून चालू लागले, आणि सुमारे 33 किलोमीटरची वाट तुडवून सर्वजण लोस कोनेखोस या जुन्या जमीनदारीच्या जागी पोहोचले. तेथे वसलेल्या गावाला ‘नुएवो’, म्हणजे नवे, एवढा शब्द जोडून जुनेच नाव देण्यात आले. मागे राहिलेल्या चर्चला लाव्ह्याने वेढले, तरी त्याचा एक मनोरा आणि वेदी उभी राहिली. ज्वालामुखी 1952 मध्ये शांत झाल्यावर हे अवशेष पर्यटकांचे आकर्षण ठरले.

छायाचित्रांत नेहमी दिसणाऱ्या त्या मनोऱ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे जुन्या गावाच्या सामाईक जंगलावरील हक्क. घरे गेली, शेते राखेखाली गेली आणि काहीजण मजुरीसाठी अमेरिकेत गेले, तरी डोंगरांवरील पाइनच्या जंगलावरचा दावा समाजाने सोडला नाही. 1980 च्या दशकात त्याने लाकूडतोड ठेकेदारांच्या हाती न ठेवता स्वतःची करवत गिरणी चालवली, पाइनच्या खोडाला खाच पाडून राळ गोळा केली आणि फर्निचर बनवण्यापर्यंत मजल मारली. 1991 मध्ये सरकारने या सामाईक मालकीला औपचारिक मान्यता दिली. नव्या सान हुआनच्या चर्चमध्ये यात्रेकरू आजही त्याच मूर्तीपुढे नाचतात.